शैक्षणिक परिषदेत पाहुण्यांना इंटरनेट आणि संगणक कसे उपलब्ध करून द्यावेत: तयारीपासून आवराआवरीपर्यंत

महाविद्यालयाकडे एक जीबीपीएसची लाइन असते, तरीही परिषदेला आलेल्या पाहुण्यांना इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी दोष बहुधा लाइनच्या वेगाला दिला जातो. प्रत्यक्षात अडचण त्याच्या खूप आधी येते: ओटीपी परदेशी क्रमांकावर पोहोचत नाही, जाळ्यावर (नेटवर्कवर) प्रत्येक उपकरणाला द्यायचे आयपी पत्ते संपून जातात, जाळ्याची राखण करणारी फायरवॉल पाहुण्याच्या विद्यापीठाचे व्हीपीएन (तेथील जाळ्याशी जोडणारी सुरक्षित वाट) अडवते, किंवा लॅपटॉपचा प्लग सॉकेटमध्ये बसत नाही. यांपैकी एकही गोष्ट परिषदेच्या सकाळी दुरुस्त होण्यासारखी नसते, आणि नेमक्या त्याच सकाळी त्या पहिल्यांदा लक्षात येतात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत. सुमारे २५० प्रतिनिधी, त्यांत काही परदेशी, एक मुख्य सभागृह आणि तीन-चार समांतर सत्रांच्या खोल्या असलेली दोन-तीन दिवसांची परिषद येथे गृहीत धरली आहे.

टप्पा १: नोंदणी अर्जातच विचारणा (सहा ते आठ आठवडे आधी)

जेवण शाकाहारी की मांसाहारी हे प्रत्येक नोंदणी अर्जात विचारले जाते, पण संगणकाविषयी एकही प्रश्न नसतो. पुढील पाच प्रश्न त्यात घालावेत.

१. आपल्या संस्थेचे एज्युरोम (शैक्षणिक संस्थांची सामायिक वायफाय सेवा) खाते आहे काय?
२. परिषदेच्या काळात आपल्याकडे भारतीय मोबाइल क्रमांक असेल काय?
३. सादरीकरण स्वतःच्या लॅपटॉपवरून करणार की आयोजकांच्या संगणकावरून?
४. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट आहे की फक्त यूएसबी-सी?
५. सादरीकरणात देवनागरी मजकूर, ध्वनी किंवा चित्रफीत आहे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून तिसऱ्या टप्प्यातील निर्णय ठरतो. परदेशी नागरिकाला येथे सिमकार्ड घेण्यासाठी पारपत्र, व्हिसा आणि स्थानिक पत्त्याची कागदपत्रे द्यावी लागतात, आणि ते सुरू होण्यासही वेळ लागतो. त्यामुळे विमानतळावर उतरल्यावर पाहुणा सिम घेईलच, असे गृहीत धरू नये.

टप्पा २: एक जबाबदार व्यक्ती आणि लेखी परवानगी (पाच आठवडे आधी)

आयोजन समितीच्या पत्रकावर "तांत्रिक समिती" या शीर्षकाखाली सहा नावे असतात आणि फायरवॉलचा पासवर्ड सातव्याकडे असतो. ती सातवी व्यक्ती, म्हणजे संगणक केंद्राचा प्रत्यक्ष काम करणारा नेटवर्क प्रशासक, पहिल्या बैठकीपासून सोबत असली पाहिजे. तिच्या जोडीला परिषदेच्या सर्व दिवशी दुसरे कोणतेही काम नसलेला एक सहायक नेमावा. ज्याच्याकडे वायफाय आहे, त्याच्याकडेच सूत्रसंचालन किंवा भोजनाची कुपने सोपवू नयेत.

त्यानंतर प्राचार्य किंवा कुलसचिव यांच्याकडून तीन गोष्टींना लेखी मान्यता घ्यावी: पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडणे, परिषदेच्या काळापुरते फायरवॉलचे काही नियम शिथिल करणे, आणि प्रयोगशाळेतील ठराविक संगणक पाहुण्यांना वापरू देणे. तोंडी होकारावर उघडलेला नियम एखादा अधिकारी दुसऱ्या दिवशी तोंडीच बंद करतो.

इशारा: पासवर्ड नसलेले उघडे वायफाय ठेवू नये. २००८ मध्ये दहशतवाद्यांचे ई-मेल मुंबई आणि नवी मुंबईतील असुरक्षित वायफायवरून पाठवले गेले होते, आणि माग काढताना पोलीस त्या वायफायच्या मालकांपर्यंत पोहोचले होते. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता, हे सांगता आले नाही तर त्या नोंदींचा उपयोग नाही. त्यासाठी यंत्रणांची घड्याळेही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावीत.

टप्पा ३: प्रवेशाची पद्धत ठरवणे (चार आठवडे आधी)

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. पद्धती तीन आहेत, आणि परिषदेसाठी त्यांपैकी किमान दोन तयार ठेवाव्यात.

पहिली पद्धत एज्युरोमची. पाहुणा आपल्या मूळ संस्थेच्या खात्यानेच आपल्याकडील जाळ्यावर येतो. त्याच्या ओळखीची पडताळणी त्याच्या संस्थेचा सर्व्हर करतो आणि यजमान संस्थेला त्याचा पासवर्ड दिसतही नाही. भारतात ही सेवा अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत चालते. आपली संस्था आधीपासून सदस्य नसेल तर सदस्यत्व, सर्व्हरची जोडणी आणि चाचणी यांना लागणारा काळ पाहता चार आठवड्यांत ते होईल, या भरवशावर राहू नये. संस्था सदस्य असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. जाळ्याचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, eduroam या ठरलेल्या स्पेलिंगनेच दिसले पाहिजे. सभागृह आणि अतिथिगृह या दोन्ही ठिकाणी ते पोहोचले पाहिजे. आणि त्याच्यामागे पुन्हा एखादे लॉगिनचे पान असता कामा नये.

पाहुण्यांना पाठवायच्या पत्रात पुढील दोन वाक्ये ठळक लिहावीत: "एज्युरोमची मांडणी आपल्या संस्थेतच पूर्ण करून, तेथे चालवून पाहून मगच निघावे. वापरकर्तानाव लिहिताना @ नंतरचा संस्थेचा भागही लिहावा." स्वतःच्या संस्थेत वापरताना हा भाग गाळला तरी कित्येकदा चालून जाते, आणि दुसऱ्या संस्थेत मात्र तेवढ्यावरून प्रवेश नाकारला जातो, कारण ओळख कोणत्या संस्थेकडे विचारायची हे त्याच भागावरून कळते. आपले प्राध्यापक बाहेर जातात तेव्हाही हीच चूक होते.

दुसरी पद्धत ओटीपीची. भारतीय क्रमांक असलेल्यांसाठी ती सोयीची आहे. मात्र संदेशाचा मजकूर आणि प्रेषकाचे नाव दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी या संदेश-नोंदणी प्रणालीवर आधी नोंदवलेले असावे लागते. परिषदेचे नाव घालावे म्हणून कोणी तो मजकूर ऐन वेळी बदलला, तर संदेश वाटेतच अडतो. शिवाय संदेश पाठवणाऱ्या अनेक सेवा फक्त +९१ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरच संदेश पोहोचवतात. ज्या परिषदेत केवळ ओटीपीची सोय असते, तेथे परदेशी पाहुण्याला शेजारच्या स्वयंसेवकाच्या क्रमांकावर ओटीपी मागवावा लागतो, आणि मग त्या पाहुण्याने इंटरनेटवर जे काही केले ते सारे नोंदींत त्या विद्यार्थ्याच्या नावावर चढते. हा मार्ग कोणालाही सुचवू नये.

तिसरी पद्धत छापील कुपनांची, आणि माझ्या मते परिषदेसाठी सर्वांत भरवशाची. प्रत्येक प्रतिनिधीला स्वतंत्र सांकेतिक शब्द देऊन नोंदवहीत त्याच्या नावापुढे कुपनाचा क्रमांक लिहावा. कुपने करताना पुढील काळजी घ्यावी.

१. सांकेतिक शब्दात शून्य आणि ओ, तसेच एक हा आकडा, लहान एल आणि मोठा आय ही एकसारखी दिसणारी चिन्हे ठेवू नयेत. चष्मा बॅगेत राहिलेला ज्येष्ठ वक्ता मंद प्रकाशाच्या सभागृहात हे कुपन वाचणार आहे, हे लक्षात घेऊन अक्षरे मोठी छापावीत.
२. एका कुपनावर तीन उपकरणे चालावीत. फोन आणि लॅपटॉप यांत दोन संपतात, तिसरा टॅब्लेट असतो.
३. कुपनाची मुदत समारोपाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवावी. समारोपाच्या संध्याकाळीच अतिथिगृहातील पाहुण्याला विमानाचे चेक-इन करायचे असते.
४. क्यूआर कोड छापला तरी शेजारी जाळ्याचे नाव आणि सांकेतिक शब्द अक्षरांत द्यावेत, कारण लॅपटॉपने क्यूआर वाचणे सोयीचे नसते.

इशारा: ओळखपत्रांच्या छायाप्रती गठ्ठ्याने गोळा करू नयेत. नाव, संस्था आणि पारपत्र अथवा ओळखपत्र पाहिल्याची नोंद एवढे पुरेसे ठरते काय, हे संस्थेच्या धोरणात पाहून तेवढेच घ्यावे. नोंदणी कक्षाच्या टेबलावर उघडा पडलेला पारपत्रांच्या प्रतींचा ढीग ही परिषदेतील सर्वांत धोकादायक वस्तू असते.

टप्पा ४: जाळ्याची तयारी (तीन आठवडे आधी)

पत्ते. छोट्या संस्थांत पाहुण्यांच्या जाळ्यावर २५४ पत्ते असतात आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवला जातो. २५० प्रतिनिधींची ५०० उपकरणे होतात. त्यातच अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन खरा हार्डवेअर पत्ता (मॅक ॲड्रेस) लपवून जाळ्यापुढे बनावट पत्ता ठेवतात, त्यामुळे एकच फोन कधी कधी नवा म्हणून मोजला जातो. परिणाम असा होतो, की चहाच्या सुट्टीनंतर नव्याने जोडणाऱ्यांना "जोडले आहे, पण इंटरनेट नाही" एवढेच दिसते, आणि लाइनचा वेग मोजणाऱ्याला मात्र सगळे सुरळीत दिसते. उपाय सोपा आहे: १०२२ पत्त्यांचा पट्टा द्यावा आणि मुदत दोन तासांवर आणावी. फोनच्या या बनावट पत्त्यांमुळेच हार्डवेअर पत्ता नोंदवून प्रवेश देण्याची पद्धत पाहुण्यांसाठी वापरू नये.

ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रे). एका वेळी निम्मी उपकरणे सक्रिय असतील असे धरले, तर एका ॲक्सेस पॉइंटमागे ४० ते ५० सक्रिय उपकरणे या हिशेबाने मुख्य सभागृहाला पाच ते सहा लागतात. ते डोक्यांच्या वर, भिंतीवर किंवा छतावर लावावेत, कारण माणसांच्या शरीरांमुळे लहरी क्षीण होतात. रिकाम्या सभागृहातील चाचणी उत्तम येते आणि भरल्यावर तेच जाळे कोसळते, याचे हेही एक कारण आहे. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या वापराव्यात, आणि शक्य तितकी उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. एकाच खोलीत सहा यंत्रे पूर्ण ताकदीने चालू ठेवली तर ती एकमेकांनाच अडवतात, म्हणून त्यांची प्रसारणशक्ती कमी करावी.

वेगळेपण. पाहुण्यांचे जाळे परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि ग्रंथालयाच्या सर्व्हरपासून स्वतंत्र व्हीएलएएनवर (त्याच यंत्रणेतील आभासी वेगळ्या जाळ्यावर) असावे. पाहुण्यांची उपकरणे एकमेकांना दिसू नयेत, अशीही मांडणी करावी.

फायरवॉल. विद्यार्थ्यांसाठी लावलेले निर्बंध पाहुण्यांवर तसेच लागू करू नयेत. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ओव्हरलीफ, गिटहब, यूट्यूब, झूम, गूगल मीट आणि टीम्स उघडतात काय, हे एकेक करून पाहावे. त्यानंतर व्हीपीएन पाहावे: आयपीसेक या व्हीपीएनच्या प्रकारासाठी यूडीपी ५०० आणि ४५००, ओपनव्हीपीएनसाठी ११९४ ही दारे (जाळ्याचे पोर्ट) मोकळी असावीत. परदेशी प्राध्यापक आपल्या विद्यापीठाच्या फायली व्हीपीएननेच उघडतो, आणि ते अडले की त्याच्या दृष्टीने इंटरनेट नाहीच.

ग्रंथालयाने घेतलेली नियतकालिके पाहुण्यांच्या जाळ्यावरून दिसावीत की नाहीत, हे ग्रंथपालांना करार पाहून ठरवू द्यावे. दिसणार असतील तर कोणी एका बैठकीत शेकडो लेख उतरवून घेणार नाही, अशी मर्यादा हवी. असे झाल्यास प्रकाशक संपूर्ण संस्थेचाच प्रवेश तात्पुरता थांबवू शकतो.

तपासणी: अन्य संस्थेत काम करणाऱ्या, आपल्याकडे खाते नसलेल्या एखाद्या परिचिताला बोलवावे. कोणतीही मदत न घेता, फक्त कुपन हातात घेऊन, त्याला फोन आणि लॅपटॉपवर किती वेळात इंटरनेट मिळते ते पाहावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागल्यास तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

टप्पा ५: सभागृह, वीज आणि प्रोजेक्टर (दोन आठवडे आधी)

वीज. आपल्याकडील तीन गोल पिनांच्या सॉकेटमध्ये अमेरिकेचा दोन चपट्या पिनांचा आणि ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा प्लग बसत नाही. युरोपातील बारीक गोल पिनांचा प्लग बसतो, पण सैल राहतो आणि हात लागताच निखळतो. लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे महागडा व्होल्टेज कन्व्हर्टर आणण्याची गरज नाही. साधे युनिव्हर्सल ॲडॉप्टर दहा-बारा घ्यावेत, त्यांवर क्रमांक टाकावेत आणि देताना नोंद करावी. एक्स्टेन्शन बोर्डांच्या वायरी चालण्याच्या वाटेवरून जात असतील तर त्या टेपने जमिनीला चिकटवाव्यात.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचा अर्धा मिनिट सर्वजण सहन करतात. पण तेवढ्यात नेटवर्क स्विच बंद पडला तर ॲक्सेस पॉइंट पुन्हा उभे राहून सर्वांना जोडून घेईपर्यंत कित्येक मिनिटे जातात. म्हणून ॲक्सेस पॉइंटना वीज पुरवणारे स्विच, मुख्य राउटर आणि फायरवॉल हे तिन्ही यूपीएसवर असल्याची खात्री करावी. प्रोजेक्टर यूपीएसवर असणे त्यानंतरचे.

प्रोजेक्टर. प्रत्येक खोलीत एचडीएमआय केबल, यूएसबी-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर आणि जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीए ॲडॉप्टर असावा. काही लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही, म्हणून प्रत्येक खोलीत आयोजकांचा एक संगणक सज्ज असलाच पाहिजे.

ऑनलाइन वक्ता. ज्या संगणकावरून झूम किंवा मीट चालणार आहे तो वायफायवर ठेवू नये. त्याला केबलने, पाहुण्यांच्या जाळ्याहून वेगळ्या व्हीएलएएनवर जोडावे आणि त्याच्यासाठी अपलोडची क्षमता राखून ठेवावी. खोलीतील दुसऱ्या कोणत्याही उपकरणावर त्याच बैठकीचा आवाज सुरू नसावा. सत्राध्यक्षांनी "मीही जोडून घेतो" म्हणून फोनवर बैठक उघडली, की घुमणारा आवाज सुरू होतो आणि तो कोठून येतो हे कोणालाच उमगत नाही.

टप्पा ६: पाहुण्यांसाठी संगणक (दहा दिवस आधी)

नोंदणी कक्षाजवळ चार ते सहा संगणक आणि एक प्रिंटर पुरतो. या संगणकांवर विद्यार्थ्यांचे किंवा प्रशासकाचे खाते देऊ नये. फारसे अधिकार नसलेले एक वेगळे खाते उघडावे, आणि ब्राउझर गेस्ट मोडमध्ये सुरू होईल अशी मांडणी करावी, म्हणजे खिडकी बंद केली की इतिहास आणि लॉगिन पुसले जातात. तरीही पाहुणा खिडकी उघडी टाकून सत्राला जातो आणि त्याचा ई-मेल पुढच्या माणसापुढे उघडाच राहतो, म्हणून पाच मिनिटे वापर नसल्यास खाते आपोआप बंद होईल असे करावे.

देवनागरीचा प्रश्न मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या परिषदांत हमखास येतो. निबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असतो आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर शीर्षकाच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यावर फाँट शोधत बसण्यापेक्षा वक्त्यांकडून युनिकोडमधील फाइल आणि तिच्यासोबत फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ आधीच मागवावी. संगणकांवर मंगल, कोकिळा, निर्मला आणि नोटो हे फाँट, तसेच इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही कळफलक ठेवावेत.

पेन ड्राइव्ह लावताच विषाणू तपासणी व्हावी. सादरीकरणे शक्यतो आदल्या संध्याकाळपर्यंत ई-मेलने किंवा अपलोड दुव्याने घ्यावीत, आणि फाइलला खोली, सत्र आणि क्रम यांचे नाव द्यावे. "अंतिम-नवीन-२" या नावाच्या फायली एका डेस्कटॉपवर सात जणांच्या असतात.

टप्पा ७: रंगीत तालीम (दोन दिवस आधी)

सभागृहात एका मोठ्या वर्गाचे विद्यार्थी बसवावेत आणि सर्वांना एकाच वेळी कुपनाने जोडण्यास सांगावे. एकाच वेळी हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण परिषदेतही गर्दी उद्घाटनानंतरच्या दहा मिनिटांत होते. त्याच वेळी एका खोलीत झूम बैठक चालू ठेवावी आणि मुख्य स्विचचा विजेचा पुरवठा मुद्दाम तोडून पाहावा.

तपासणी: पत्त्यांपैकी किती वापरात आले, कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर सर्वाधिक गर्दी झाली आणि नोंदी प्रत्यक्षात साठत आहेत काय, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. या तालमीनंतर परिषद संपेपर्यंत फायरवॉल किंवा राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करू नये.

टप्पा ८: परिषदेचे दिवस

वायफाय मदतीचे टेबल नोंदणीच्या रांगेपासून दूर असावे, नाहीतर एका लॅपटॉपमुळे संपूर्ण रांग खोळंबते. टेबलावरील स्वयंसेवकाला नेहमीच्या अडचणींचा क्रम छापून द्यावा.

१. लॉगिनचे पान उघडत नसेल तर प्रथम व्हीपीएन बंद आहे काय ते पाहावे. ते चालू असेल तर पान बहुधा उघडत नाही. लॉगिन झाल्यावर पाहुण्याने ते पुन्हा सुरू करावे.
२. अँड्रॉइड फोनवर "प्रायव्हेट डीएनएस" हे सेटिंग तात्पुरते "ऑटोमॅटिक"वर न्यावे.
३. तरीही पान येत नसेल तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हा पत्ता टंकावा. हे संकेतस्थळ मुद्दाम कूटबद्ध न ठेवलेले असल्याने लॉगिनचे पान त्याच्या जागी येते.
४. एज्युरोम नाकारत असेल तर वापरकर्तानावातील @ नंतरचा भाग पाहावा. तो बरोबर असेल तर वेळ न घालवता कुपन द्यावे, कारण पाहुण्याच्या संस्थेतील दोष येथे दुरुस्त होणार नाही.

इशारा: स्वयंसेवकाने पाहुण्याचा पासवर्ड विचारू नये, कागदावर घेऊ नये आणि स्वतः टंकू नये. प्राध्यापकांचा पासवर्ड तर कोणालाही देऊ नये, मग मागणारा कितीही मोठा असो. मान्यवरांसाठी मोठ्या अक्षरांतील चार-पाच कुपने निमंत्रकांच्या खिशात असली, की हा प्रसंग टळतो.

नेटवर्क प्रशासकाने दर चहाच्या सुट्टीनंतर पत्त्यांचा वापर पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारी ओसरतात, तोपर्यंत त्याला परिसराबाहेर पाठवू नये.

टप्पा ९: आवराआवर

कुपनांची मुदत संपल्यावर पाहुण्यांचे जाळे बंद करावे आणि फायरवॉलचे शिथिल केलेले नियम लेखी यादीशी ताडून एकेक करून मागे घ्यावेत. परिषदेसाठी उघडलेली वाट विसरून तशीच राहणे हा संस्थेच्या सुरक्षेतील सर्वांत सामान्य भगदाडांपैकी एक आहे. प्रवेशाच्या नोंदी आणि कुपनांची नोंदवही १८० दिवसांसाठी बंद कपाटात आणि मर्यादित प्रवेशाच्या फोल्डरमध्ये ठेवावी, आणि त्यांवर नष्ट करण्याची तारीख आजच लिहावी. सभागृहातील संगणकांवर राहिलेली सादरीकरणे हा वक्त्यांचा अप्रकाशित मजकूर असतो. इतिवृत्तासाठी ज्यांनी संमती दिली आहे त्यांच्या फायली संपादकांकडे सोपवून बाकीच्या पुसून टाकाव्यात, रिसायकल बिनही रिकामा करावा, आणि क्रमांक टाकलेले ॲडॉप्टर मोजून घेऊन मगच सभागृहाची किल्ली परत करावी.